ज्याचं अडतं, त्याचं आधी

पाहुणे निघाले की आमच्याकडे दारात एक झटापट व्हायची. पाहुणा चपला घालता घालता मुलीच्या मुठीत नोट कोंबायचा, मी मागून "अहो नको, कशाला, लहान आहे ती" असं ओरडायचे, पाहुणा "तुम्ही मध्ये बोलू नका" म्हणायचा आणि मुलगी दोघांच्या मध्ये मूठ घट्ट मिटून खांबासारखी उभी. पैसे राहणार हे तिघांनाही ठाऊक असायचं. तरी दोन मिनिटं तो खेळ झाल्याशिवाय कोणी जिना उतरायचं नाही. त्या पैशांवर मुलांचा हक्क नावापुरताच. आज त्यांनी आमच्या मुलीला वीस दिले, तर उद्या त्यांच्याकडून निघताना त्यांच्या मुलाच्या हातावर आपण निदान वीस ठेवायचे, हे आयांच्या डोक्यात पक्कं असतं. म्हणून ते पैसे आयांकडेच जातात.

मी मात्र ठरवलं की माझ्या मुलीचे पैसे तिच्याकडेच राहू द्यायचे. ती दहा वर्षांची होती. दोन हजार एक साल असेल, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन आम्हाला वर्ष झालं होतं आणि हप्त्यांनी आम्ही टेकीला आलो होतो. तिच्या शाळेच्या दारात एक माणूस पाण्यात टाकली की फुगणारी रबरी मासोळी विकायचा. पोरीने ती घेतली, फुगवली आणि दुसऱ्या दिवशी ती चिकट होऊन फरशीला बसली. मला आली चीड. मारून उपयोग नसतो हे मला कळत होतं, म्हणून मी तिला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा दिला आणि म्हटलं, पाहुण्यांनी दिलेले पैसे ह्यात. खर्च तूच करायचास. पण प्रत्येक वेळी आधी एकच विचारायचं: ह्याच्यावाचून कोणाचं अडतंय का? ज्याचं अडतं, त्याचं आधी. हौस नंतर.

हे वाक्य मला फार आवडलं होतं. ऑफिसातही मी ते दोघींना ऐकवलं.

ऑफिस म्हणजे तहसील कचेरीतलं रेशनकार्डाचं टेबल. एका चुलीवर जेवणारे दोन चुली दाखवून दोन कार्डं मागायचे, मेलेल्या सासऱ्याच्या नावावर साखर उचलायचे, भाड्याच्या पावतीवर घरमालकाची सही स्वतःच करायचे. दहा ते सहा मी लोकांच्या कागदांत खोटं शोधायचे आणि ते सापडायचं. तेव्हा मी त्याला सावधपणा म्हणायचे. आता म्हणते, मी संशयी होते. सहा वाजता टेबल बंद व्हायचं, स्वभाव कुठला बंद व्हायला! भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायचे, दूधवाल्याचं माप दुसऱ्या भांड्यात ओतून बघायचे. आमचे हे हसायचे. ह्यांची सातपूरला कंपनीत नोकरी, माणूस शांत, शेजाऱ्याने दिलेलं सुटं न मोजता खिशात टाकणारा.

डबा दिल्यावर पोरगी बदलली. स्टेशनरीच्या दुकानात मैत्रिणी चकाकीची पेनं घेत असताना ही हात मागे बांधून उभी राहायची. दुकानदारच मला म्हणाला, "तुमची लेक फार हिशेबी हो." एकदा ती कंपासपेटीपुढे पाच मिनिटं उभी राहिली आणि जुनीचा फक्त खिळा सैल झालाय असं म्हणून तशीच घरी आली. दुसऱ्या कोणा आईला आनंद झाला असता. मूल एवढं शहाण्यासारखं वागायला लागलं की मला मात्र त्यात काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. मी केर काढताना डबा उघडून बघायला लागले. रोज नाही. पण बऱ्याचदा.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं. ती ह्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा तिनेच ह्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं, ह्यांच्या शाळेची फी भरली. नवरा गेल्यावर सिन्नरजवळच्या गावात एकटी राहायची आणि विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं सारखी चाललेली. एक डोळा बिघडला म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी, माझा सुट्टीचा शनिवार धरून, नाशिकला सरकारी दवाखान्यात यायची आणि तिथून आमच्याकडे. पिशवीत शेंगा, नाहीतर बाजरीचं पीठ. दुपारी जेवायची, भावाची वाट बघायची नाही, तीनच्या एसटीने परत. निघताना पोरीच्या हातात वीसची नोट. अर्धा दिवस मान मोडून विड्या वळाव्या तेव्हा तिला तेवढे सुटायचे. मी "ताई, अहो नको" म्हणायचे ते तिच्या बाबतीत खरंखुरं असायचं. पण ती मुठीवर मूठ दाबून म्हणायची, "माझ्या भावाची लेक हाय. तू गप."

तिच्या नोटेला तंबाखूचा वास यायचा. तिच्या लुगड्याला, पिशवीला, शेंगांनासुद्धा यायचा. आणि त्या वासानेच मला पहिला संशय आला. ती येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला. मामाने दिलेली दहाची नोट होती, पुण्याच्या पाहुण्यांचे एकवीस होते. वीसची नोट नव्हती आणि वासही नव्हता.

मी डबा तसाच बंद केला. असे अर्ज मी लगेच परत करत नसे, दुसऱ्या कागदाची वाट बघायचे. दुसरा कागद दोन महिन्यांनी आला. ताई आली, जेवली, नोट दिली, आणि पोरगी नेहमीप्रमाणे तिची पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली. पोरगी परत आली तेव्हा तिच्या दोन्ही मुठी उघड्या होत्या. मी काही विचारलं नाही. ती आंघोळीला गेल्यावर फ्रॉकचे खिसे पाहिले, दप्तर पाहिलं, वह्यांच्या कव्हरांच्या आतसुद्धा पाहिलं. खडूचा तुकडा आणि एक करवंदाची बी. तिसऱ्या खेपेलाही तेच.

आता डोकं लढवा. पोरगी घरातून निघते तेव्हा नोट मुठीत. कोपऱ्यावर दुकान नाही, गाडी नाही, फक्त रिक्षा थांबतात. कोपऱ्यावरून येते तेव्हा नोट नाही. मधे माणूस एकच. माझ्या डोक्यात जे आलं ते लिहायलाही लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. मला वाटलं, ताई माझ्यासमोर मोठेपणाने नोट देते आणि कोपऱ्यावर पोरीकडून परत घेते. भावजयीपुढे मान राहतो, वीस रुपयेही राहतात. इतकं चोख बसलं ना ते! मला राग येण्याऐवजी समाधानच झालं.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला नाही. फक्त म्हणाले, "ताई?"

"मी म्हणत नाही की वाईट बुद्धीने. गरज असेल."

"ताई," पुन्हा तेवढंच म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होते. बाईला माहेर असतं तसं ह्या माणसाचं माहेर म्हणजे ती बहीण होती, दुसरं कोणी नाही. ती तुटली तर ह्यांचं मागचं सगळं तुटणार, हे मला दिसत होतं. तरी मी बरोबर असल्याची खुमखुमी जास्त होती.

त्यानंतर ताई यायची थांबली. दोन महिने झाले, तीन झाले. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "तुमच्या नणंदबाई सीबीएस स्टँडवर दिसल्या मंगळवारी, डोळ्याला हिरवी पट्टी होती." म्हणजे नाशिकला आली, डोळा दाखवला आणि आमच्याकडे न येता परत गेली. पुढे चुलत दिराच्या घरच्या वास्तुशांतीला भेटली. मी वाकले तेव्हा डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. पोरीला जवळ घेतलं. ह्यांना "तब्येत जप" म्हणाली. माझ्याशी एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. ह्यांचा चेहरा मात्र त्या दिवशी पडला तो पडलाच. परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "तू काही बोललीस का तिला?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं, पण त्यांना ते खरं वाटलं नाही आणि त्याचा मला फार राग आला. माझ्यावर संशय!

तो राग मी पोरीवर काढला. रविवारी सकाळी तिला समोर बसवलं. डबा मध्ये ठेवला.

"आत्याने दिलेले पैसे कुठे आहेत?"

ती डब्याकडे बघत राहिली.

"आत्या परत मागून घेते का तुझ्याकडून? घाबरू नकोस. मी तिला काही बोलणार नाही."

"नाही."

"खोटं बोलू नकोस. कोपऱ्यावर काय होतं?"

"आत्या नाही घेत," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "मीच ठेवते. तिच्या पिशवीत. खाली, रुमालाच्या खाली. तिला कळत नाही."

मला आधी काही समजलंच नाही. मी म्हटलं, "कशाला?"

मग तिने सांगितलं ते असं. पहिल्या वेळी ती आत्याला कोपऱ्यावर सोडायला गेली तेव्हा आत्या म्हणाली, तू जा, येईल रिक्षा. पोरगी थोडी पुढे येऊन मागे वळली तर आत्याने रिक्षावाल्याला हाताने नको म्हटलं आणि डोक्यावर पदर घेऊन चालायला लागली. उन्हात, तो बिघडलेला डोळा घेऊन. तिथून स्टँड म्हणजे तिच्या पायांना पाऊण तास. आणि पोरीच्या मुठीत तिची नोट. "रिक्षाचे पैसे तिने मला दिले होते ना," ती म्हणाली. "माझं काहीच अडत नव्हतं. तिचं अडत होतं. तूच म्हणालीस, ज्याचं अडतं त्याचं आधी." म्हणून पुढच्या दोन्ही वेळा तिने कोपऱ्यापर्यंत पिशवी नेताना नोट आत सरकवली. पहिल्या वेळची नोट तिने दोन दिवस उशीखाली आणि मग गादीखाली ठेवली होती. वास्तुशांतीला तीही आत्याच्या पिशवीत गेली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू माझं दप्तर उघडलंस."

मी डब्याचं झाकण लावलं. पण आतून घाबरले ते वेगळ्याच कारणाने. दहा वर्षांच्या पोरीला जे कळायचं कारण नव्हतं ते मला लख्ख कळत होतं. आमच्या लोकांत मुलाच्या हातावर ठेवलेली नोट परत करत नाहीत. पुढच्या वेळी वाढवून फेडायची, तिच्या घरी जाऊन फेडायची, पण तीच नोट परत नाही. परत केली तर त्याचा अर्थ एकच: तुझी ऐपत नाही, तुझे पैसे आम्हाला नकोत, तू आमच्या बरोबरीची नाहीस. भांडणंसुद्धा ह्याहून बरी. ताईने घरी जाऊन पिशवी उपसली असेल, रुमालाखाली आपलीच नोट बघितली असेल. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि ती ठेवणारी कोण, असं तिला वाटलं असेल?

त्याच दुपारी आम्ही तिघं सिन्नरच्या एसटीत बसलो. ह्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते उठले आणि शर्ट बदलून आले. मला ते बरं वाटलं नाही. चार शब्द बोलले असते तर मीही चार बोलले असते.

ताई ओट्यावर बसली होती. मांडीवर सूप. आम्हाला बघून तिने बोटं थांबवली नाहीत, हातातल्या विडीचं तोंड दुमडून दोरा बांधून झाला तेव्हा सूप बाजूला ठेवलं. पोरीने तिला एका दमात सांगून टाकलं. पिशवी, रुमाल, रिक्षा, ऊन, सगळं. ताई ऐकत होती आणि तिचा चांगला डोळा पोरीवरून माझ्यावर, माझ्यावरून पोरीवर जात होता. पोरगी खरं बोलतेय की आईने पढवून आणलीय, हे ती बघत होती. मला ते बघणं चांगलं ओळखीचं होतं.

"तू ठेवल्या?" तिने पोरीला विचारलं. "तुझ्या हातानं?"

"हो."

ताई उठली. आत जाऊन देवाच्या कोनाड्यातून एक घडी आणली. तिन्ही नोटा तशाच होत्या, एकीत एक घातलेल्या.

"खर्चल्या न्हवत्या?" ह्यांनी विचारलं. बहिणीपुढे ह्यांची बोली आपोआप गावची होते.

"कशा खर्चायच्या? मला वाटलं, हिनं ठेवल्या." तिने माझ्याकडे हात केला. "म्हटलं, विड्यावालीचा पैसा नको असंल हिला. पोरीच्या डब्याला वास लागंल. असले पैसे खाऊन पचत्यात का? त्या टायमाला बी चालत गेले मी स्टँडवर, अन् त्याच्या पुढच्या टायमाला बी. नोट पिशवीत व्हती न् मी चालत व्हते, मला काय ठावं!" आणि ती हसली. तोंडावर पदर धरून खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरीला जवळ ओढून तिच्या केसांवरून तंबाखूचा हात फिरवला. "येडी गं माझी बाय ती. लय येडी."

सगळं मिटलं होतं. हे ओट्यावर मांडी घालून बसले, ताईने चहा टाकला. पोरगी म्हणाली, ह्या नोटा मी घेईन, पण तू रिक्षाने जाणार असशील तर. ताईने शपथ घेतली. मला मात्र गप्प बसवेना. चुलीपाशी जाऊन मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं. मीही तुमच्यावर नको तो संशय घेतला. पण तुम्ही मला एकदा विचारायचं तरी. मी असं करीन का हो?"

ताई चहाला उकळी येण्याची वाट बघत होती. रागाने बोलली नाही.

"पोरीनं ठेवली असंल, हे काय माझ्या मनात आलं नाय बघ," ती म्हणाली. "माझ्या भावानं ठेवली असंल, हे बी नाय आलं. तू ठेवली असंल, हे मात्र लगीच आलं. इचार बी करावा नाय लागला."

तिने चहा गाळला, पहिला कप मला दिला. पोरगी दारात उभी होती. तिने ऐकलं होतं.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसून झोपले, कितीतरी दिवसांनी असे झोपले. पोरगी माझ्या शेजारी होती. ती काहीतरी बोलेल, निदान म्हणेल की आत्या काहीही बोलते, आई अशी नाही, ह्याची मी सिन्नर सुटल्यापासून वाट बघत होते. मोहदरीचा घाट उतरला तरी ती बोलली नाही. शेवटी मीच विचारलं, "आत्याच्या जागी तू असतीस तर? तुला कोण वाटलं असतं?"

कुठलीही गोष्ट घेण्याआधी ती जशी हात मागे बांधून विचार करायची, तसा तिने विचार केला. मग माझा हात धरला.

"तूच," ती म्हणाली.